उंबराखालचं पाणी

आमच्या वाडीत बाया पाण्याला जात नाहीत, उतरतात. "उतरलीस का गं?" एवढं विचारलं की समोरचीला कळतं. वाडी वर, डुरा खाली वहाळात. डुरा म्हणजे कातळाच्या भेगेशी खणलेला कमरेएवढा खड्डा. दिवाळीपर्यंत तो भरून वाहतो. शिमगा झाला की त्यात पाणी साठायची वाट बघावी लागते, आणि मे महिन्यात वाटीनं भरावं लागतं. वाटी टेकवायची, भरू द्यायची, हंड्यात ओतायची, परत टेकवायची.

मे २०२२ मध्ये मी पनवेलहून सुट्टीला आलो होतो. एक दिवस आईच्या मागं मागं फिरलो आणि मोजलं. पहाटे चारला पहिली खेप, रात्री आठला शेवटची, एकूण सहा. डोक्यावर हंडा, त्यावर कळशी, पंचवीस लिटरच्या आसपास वजन. पुढं नळीनं पातळी मोजली तेव्हा कळलं, डुऱ्यापासून आमच्या अंगणापर्यंत ८२ मीटरचा उभा चढ आहे. सहा खेपा म्हणजे रोज जवळजवळ ५०० मीटर. आईचं वय तेव्हा ५४.

मी आयटीआयला नळकाम शिकलो. पनवेलला बावीस मजल्यांच्या इमारतींत पाईप टाकायचं काम करत होतो. बाविसाव्या मजल्यावर अंघोळीच्या खोलीत चावी फिरवली की गरम पाणी येतं, ते मी स्वतः जोडून दिलेलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. कुणाला दोष द्यावा असंही नव्हतं. ही विद्या आपल्याकडं असून आपण ती घरी आणली नाही, हे बोचत होतं.

आमची वाडी रत्नागिरीच्या खेड तालुक्यात, सह्याद्रीच्या कुशीला एका माचीवर आहे. धनगरवाडा म्हणतात लोक. १९ घरं, त्यातली पाच कुलूपबंद, मुंबईला गेलेली. उरलेल्या १४ घरांत ६८ माणसं आणि ५७ म्हशी-गाई. डांबरी सडकेपासून वर यायला पावणेदोन तास लागतात, दुधाचा कॅन असेल तर जास्त. दिवाळीच्या सुमारास आभाळ धुतल्यासारखं असतं तेव्हा संध्याकाळी पश्चिमेला, दाभोळच्या अंगाला, समुद्राची एक पट्टी चकाकताना दिसते. आमच्यातल्या कितीतरी म्हाताऱ्यांनी समुद्र तेवढाच पाहिला आहे.

भात आमच्याकडं थोडं, पाणथळ दोन-चार तुकड्यांत. बाकी सगळी वरकस जमीन. उतारावर नाचणी, वरी, थोडा कारळा. चैत्र-वैशाखात कवळ, म्हणजे झाडांच्या पानांसकट फांद्या, तोडून, पालापाचोळा आणि शेण पसरून भाजावळ करायची, पाऊस पडला की त्या राखेत नाचणीचा तरवा टाकायचा, आषाढात उपटून लावायचा. घरांच्या भिंती कारवीच्या, कुडाच्या, वर शेणमातीचा गिलावा. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते; तेव्हा डोंगर निळा होतो आणि फुलून गेली की वाळते. ती वाळलेली कारवी आमचं घर.

पावसाळ्याचे चार महिने वाडी ढगात असते. जूनच्या आधी मीठ, तेल, काडेपेटी, म्हशींची पेंड, सगळं वर आणून ठेवायचं. लाकूडफाटा पोटमाळ्यावर, चुलीच्या धुरात. कपडे वाळत नाहीत, शेकावे लागतात. बाहेर पावलापुढचं दिसत नाही, मग म्हशीच्या गळ्यातल्या घंटेवरून गुरं ओळखायची. आणि कुणी आजारी पडलं तर डोली. बांबू, त्याला घोंगडी किंवा जुनं लुगडं बांधायचं, चौघांनी खांदा द्यायचा, चौघांनी बाजूनं चालायचं, दर पाच-दहा मिनिटांनी खांदे बदलायचे. माझ्या वहिनीला दिवस भरलेले असताना अशीच नेली, श्रावणात, ओढ्याला कमरेएवढं पाणी असताना. बाळ आणि बाळंतीण दोघंही सुखरूप आली, पण चढत परत येताना माझा भाऊ एक शब्द बोलला नव्हता.

एवढा पाऊस पडून उन्हाळ्यात वाटीनं पाणी का भरावं लागतं, हे शहरातल्या माणसाला समजावून सांगणं कठीण जातं. खेड-चिपळूणकडं वर्षाला ३,५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आमच्या डोक्यावरच्या महाबळेश्वरला ५,५०० च्या वर. पण तो पडतो चार महिन्यांत आणि उतारावरून तासाभरात खाली जातो. सह्याद्रीचा दगड म्हणजे लाव्हाचे थरावर थर. घट्ट काळा कातळ पाणी पीत नाही. पाणी मुरतं ते भेगांतून आणि भुसभुशीत थरांतून. दोन थरांमध्ये कुठं कुठं लाल मातीचा पट्टा असतो, आम्ही त्याला गेरूची पट्टी म्हणतो. वरून मुरत आलेलं पाणी त्या पट्टीवर अडतं, आडवं सरकतं आणि डोंगराच्या पोटातून जिथं वाट मिळेल तिथं बाहेर येतं. झरा शोधायचा तर वहाळात खाली बघून उपयोग नाही, ती लाल पट्टी कुठं उघडी पडलीय ते बघायचं.

हे मला पुस्तकानं नंतर सांगितलं. आधी सांगितलं ते नानांनी. नाना माझे चुलत आजोबा, सत्तरी ओलांडलेले, सगळं आयुष्य गुरांमागं गेलेलं.

"खाली काय खनतायसा? वर उंबराखाली बारमाही पानी हाय की. भेकरं पित्यात."

"मग इतकी वर्षं बोलला न्हाय ते?"

"इचारलंस कवा? आन् त्ये सोंडंच्या पल्याड. हंडा घिऊन कोन जानार तिथं?"

दुसऱ्या दिवशी नाना मला घेऊन गेले. वाडीच्या वर चढून, एक सोंड, म्हणजे डोंगराचा पुढं आलेला दांडा, ओलांडून, पलीकडच्या घळीत. जुना उंबर, त्याच्या मुळांत काळा दगड आणि दगडाखाली हातभर उंचीची तांबूस पट्टी. त्या पट्टीवरून पाणी येत होतं. धार नव्हती, पाच-सहा जागांहून पाझरत होतं आणि खाली एका खळग्यात जमत होतं. मेची १३ तारीख. बाकी सगळा डोंगर करपलेला आणि तिथं नेचे हिरवेगार.

किती पाणी आहे हे डोळ्यांनी सांगता येत नाही. डोळा नेहमी जास्त सांगतो. आम्ही केळीच्या सोपटाचा पन्हाळ करून सगळे पाझर एका जागी आणले, मातीनं फटी लिंपल्या, खाली २० लिटरची बादली ठेवली आणि मोबाईलवर वेळ लावली. १ मिनिट ४० सेकंद. पुन्हा केलं, पुन्हा तेवढंच. मिनिटाला १२ लिटर. नाना म्हणाले, "येवढंच?" धार खरंच करंगळीएवढी होती. मी तिथंच दगडावर कोळशानं हिशेब केला. दिवसाची १,४४० मिनिटं. १२ लिटरनं १७,२८० लिटर होतात. जलजीवन योजनेत माणशी दिवसाला ५५ लिटर धरतात. आमच्या ६८ माणसांना ३,७४० लागतील. जनावरामागं ६० धरले तर ५७ जनावरांना ३,४२०. सगळं मिळून सव्वासात हजाराच्या आत. करंगळीएवढी धार रात्रंदिवस साठवली तर वाडी पिऊन निम्म्याहून जास्त पाणी उरतं. आमच्या डुऱ्यालाही रात्री पाणी येत असे, पण ते साठवायला जागा नव्हती, वाहून जायचं.

मग मी पनवेलला परत गेलो नाही, असं सांगायला छान वाटेल, पण गेलो. जूनच्या पहिल्या पावसापर्यंत दर रविवारी चुलतभावानं बादली लावली आणि आकडा मला फोनवर कळवला. वाडीत फोनला रेंज फक्त एका दगडावर येते, त्याला आता रेंजचा दगडच म्हणतात. सगळ्यात बारीक धार २९ मेची होती, बादलीला १ मिनिट ४६ सेकंद. झरा उन्हाळ्याच्या शेवटच्या आठवड्यात मोजायचा असतो. त्याआधीचा आकडा फसवतो.

आता प्रश्न सोंडेचा. पाणी पंपाशिवाय आणायचं तर झरा वाडीच्या वर हवा, तो होता. पण मधली सोंडही झऱ्याच्या खाली हवी. नुसतं बघून काही कळत नव्हतं. झऱ्याजवळ उभं राहिलं की सोंड उंच वाटायची, सोंडेवर उभं राहिलं की झरा उंच वाटायचा.

डिसेंबरात सुट्टी काढून आलो ते पातळी काढायलाच. गवंडी वापरतात तशी पारदर्शक नळी, २० मीटर लांब. तिच्यात हळद घातलेलं पाणी भरलं. दोन सरळ काठ्या, त्यांवर शिंप्याची टेप चिकटवलेली. एक माणूस मागं, एक पुढं. नळीची दोन्ही टोकं काठ्यांना धरायची, पाणी स्थिर होऊ द्यायचं, दोन्हीकडचे आकडे वहीत लिहायचे, मागच्यानं पुढं यायचं. एका मुक्कामात पंधरा मीटर. आकडे वजा करत जायचे. माझी पुतणी चौथीत होती, वही तिच्याकडं दिली. तिनं ती वजाबाकी अशी काही केली की मला नंतर तपासायची गरज पडली नाही.

झऱ्यापासून सोंडेपर्यंत पस्तीस मुक्काम झाले. संध्याकाळी पुतणीनं बेरीज सांगितली. सोंड झऱ्याच्या एक मीटरभर वर. म्हणजे संपलं. कुणी काही बोललं नाही, आम्ही गुंडाळून खाली आलो. आईनं विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "न्हाय यायचं." ती म्हणाली, "बरं, भाकरी खा."

रात्री डोक्यात तेच. पहाटे उठून नळी अंगणात उन्हाला धरली, तर एका टोकाला अर्ध्या वितीएवढा हवेचा फुगा. हळदीच्या पाण्यात तो काल दिसला नव्हता. ते टोक चुलतभावाचं, म्हणजे कायम मागचं. फुग्यामुळं मागचं पाणी दर वेळी अर्धी वीत वर उभं राहत होतं आणि पुढची जमीन तेवढी उंच भासत होती. अर्धी वीत पस्तीस वेळा म्हणजे चार मीटर.

नळी रिकामी केली, एका टोकानं चोखून सलग पाणी भरलं, हात फिरवून फिरवून सगळा फुगा काढला आणि परत पस्तीस मुक्काम. या वेळी प्रत्येक ठिकाणी आधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी सारखं येतं का ते बघायचं, मगच पुढं. उत्तर आलं, सोंड झऱ्याच्या ३ मीटर १० सेंटिमीटर खाली. खात्रीसाठी तिसऱ्या दिवशी उलट दिशेनं मोजत आलो. ३ मीटर ४. अंतर ५२० मीटर. सोंडेपासून वाडीपर्यंत आणखी ९४० मीटर आणि ६१ मीटरचा उतार. त्या दिवशी पुतणीनं वहीत शेवटच्या आकड्याभोवती लाल शाईनं चौकट केली.

परवानगीचं काम त्याच्या आधीच सुरू झालं होतं. झरा वनखात्याच्या हद्दीत. २००६ च्या वनहक्क कायद्यात, कलम ३(२) मध्ये, गावाच्या सोयींसाठी एक हेक्टरच्या आतली वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीनं देता येते, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नसतील तर. शाळा, दवाखाना, रस्ता यांच्याबरोबर पिण्याचं पाणी आणि पाईपलाईनही त्या यादीत आहे. हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. चिपळूणच्या एका कार्यकर्त्या ताईंनी तो कागद वाचून दाखवला. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला आम्ही वाडीतून ३१ जण खाली उतरलो. आमच्या वाडीतून एवढी माणसं ग्रामसभेला यापूर्वी कधी गेली नव्हती. बायांनी त्या दिवशी पहाटे दोनला डुरा गाठला, म्हणजे सभेच्या आधी पाणी भरून होईल.

सभेत खालच्या एका वाडीनं हरकत घेतली. त्या घळीचं पाणी पुढं आमच्या पऱ्याला (ओढ्याला) येतं, तुम्ही वर अडवलंत तर आमच्या पोफळी वाळतील. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मी बादलीचे आकडे वाचून दाखवले. ठरलं असं की झऱ्यावर धरण बांधायचं नाही, पाणी गोळा करायच्या पेटीला वरच्या अंगाला एक भोक ठेवायचं आणि टाकी भरली की उरलेलं सगळं पाणी घळीतच जाईल. त्याच पाण्यावर भेकरं आणि गवे येतात, तेही राहिलं. पुढं पाच महिने कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला. मी त्यावर जास्त लिहीत नाही. मार्चमध्ये मंजुरी आली, अट एकच, झाड तोडायचं नाही. आमचंही तेच म्हणणं होतं. त्या डोंगरावर झाडी आहे म्हणून मे महिन्यात करंगळीएवढी धार आहे.

पैसे १ लाख ९० हजार लागले. घरटी ५,०००, बाकीचे मुंबईकरांच्या मंडळानं जमवले. कुलूपबंद पाच घरांनीही आपला वाटा दिला, मला त्याचं फार बरं वाटलं.

सामान वर चढवणं हे सगळ्या कामाचं काम होतं. सोंडेपर्यंत उतार अगदी कमी, म्हणून तिथं ५० मिलिमीटरचा जाड पाईप. बारीक पाईपात पाणी भिंतींना घासून तीन मीटरचा जोर वाटेतच संपला असता. सोंडेच्या पुढं उतार भरपूर, तिथं ३२ चालतो. जाड पाईपाचं १०० मीटरचं एक वेटोळं ५० किलोच्या आसपास भरतं आणि माणसाच्या छातीएवढं उंच असतं. ते डोक्यावर घेता येत नाही, पाठीवर बसत नाही, झाडीत अडकतं. पहिलं वेटोळं तासभर ओढून आम्ही पहिल्या वळणावरच बसलो. तेवढ्यात माझा भाऊ उठला, घरी गेला आणि डोलीचा बांबू घेऊन आला. वेटोळं मधोमध टांगलं, दोघं पुढं, दोघं मागं, आणि तीच हाक सुरू झाली: "खांदा... बदल." सहा जाड वेटोळी, दहा बारीक, असंच. सिमेंटच्या २० गोण्या अर्ध्या अर्ध्या करून. बायांनी वहाळातली वाळू घमेल्यांनी आणली. शाळेच्या गुरुजींनी शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर चार-चार खेपा केल्या.

टाकी कुठं बांधायची यावर वाडीत दोन रात्री बोलणं झालं. पुरुषांना ती देवळाच्या मागं, उंचावर हवी होती. काकी म्हणाली, "घरांच्या वर पानी साठवनार? आन् पावसात?" सगळे गप्प झाले. २२ जुलै २०२१ ची रात्र कुणी विसरलं नव्हतं. त्या दिवशी महाड तालुक्यात तळीयेवर दरड कोसळून ८० हून अधिक माणसं गेली, आमच्याच तालुक्यात पोसरे इथंही डोंगर घरांवर आला. टाकी मग वाडीच्या बाजूला, कातळावर बांधली आणि तिचं ओसंडणारं पाणी पाईपनं थेट वहाळात सोडलं, म्हणजे घरांच्या वरच्या मातीत थेंबही मुरायला नको. दोन महिन्यांनी, १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. तिथंही वर जायला रस्ता नव्हता, यंत्रं चढली नाहीत, मदतीची माणसं पावसात पायी चढून गेली. त्या रात्री आम्ही सगळे शाळेत झोपलो होतो. काकीच्या त्या प्रश्नाचं मोल तेव्हा कळलं.

झऱ्यावर काम फार नाजूक हातानं केलं. उंबराच्या मुळाला पहार लागू दिली नाही. पाझराच्या पुढं दगड-मातीचा ओटा, आत धुतलेली खडी, सिमेंटची छोटी पेटी, तोंडाला जाळी, वर झाकण. कुर्ल्या बिळं पाडतात आणि पाणी त्या वाटेनं पळतं, म्हणून पायाला चिकणमाती कुटून बसवली. नानांनी नारळ फोडला. पाईप जमिनीवरूनच, दगडांच्या आडोशानं आणला, खणाखणी नाही.

१४ मे २०२३ ला सकाळी नऊला पाणी सोडलं. वाडी टाकीपाशी जमलेली. दहा वाजले, अकरा वाजले, पाईपाच्या तोंडातून नुसता वारा. मग तोही थांबला. मी पळत वर गेलो. झऱ्याकडून पाणी पाईपात जात होतं, मग पेटी तुंबली आणि वरच्या भोकातून वाहायला लागली. म्हणजे मध्ये काहीतरी अडलं होतं. सोंडेवर आलो, पाईपाला कान लावला. आत एक बारीक गुळगुळ. सोंड हा दोन्ही उतारांमधला माथा, हवा वर चढून तिथं कोंडली होती आणि तीन मीटरचा जोर तिला पुढं ढकलायला पुरत नव्हता. इमारतीत अशी हवा काढायला झडप असते, हे मी रोज बघत होतो आणि इथं विसरलो होतो. पाना लावून सोंडेवरचा सांधा सैल केला. फुस्स करून हवा सुटली, बराच वेळ सुटत राहिली, मग शिंकल्यासारखे दोन फवारे आणि पाणी. सांधा आवळला आणि खाली बघत बसलो. वाडी तिथून दिसते. दहा-बारा मिनिटांनी टाकीभोवतीची माणसं एकदम हलली. आवाज वर आला नाही, पण पोरं उड्या मारताना दिसली.

पुढच्या आठवड्यात सोंडेवर छोटी उघडी टाकी बसवली, आता हवा कोंडत नाही.

पहिल्या रात्रीचंही सांगायला हवं. कुणीतरी टाकीजवळची चावी बंद केली, टाकी भरून वाहू नये म्हणून. पाण्याचा १० मीटरचा स्तंभ म्हणजे एक किलोचा दाब; ६१ मीटर म्हणजे सहा. आम्ही सगळा पाईप सहा किलो दाबाचा मागवला होता. दुकानातून आलेल्या दहा बारीक वेटोळ्यांतली तीन वेटोळी चार किलो दाबाची निघाली. पाईपावर ते छापलेलं असतं, घेताना मी वाचायला हवं होतं. रात्री दोनला तो हातभर फाटला. तुकडा बदलला आणि उताराच्या मध्यावर २०० लिटरचं पिंप बसवलं. पाणी तिथं उघड्यावर पडतं, दाब संपतो, आणि पुढं नव्यानं सुरू होतं. पिंपाला बॉल-कॉक, म्हणजे पिंप भरलं की आपोआप बंद होणारी चावी, आहे, त्यामुळं खालची चावी बंद केली तरी चालतं.

टाकीपासून वाडीत चार जागी नळकोंडाळी आहेत. जागा बायांनी ठरवल्या. धुण्याचा दगडही त्यांनीच मागून घेतला आणि म्हशींची दोण वाडीबाहेर ठेवायला लावली. दुसऱ्या दिवशी पहाटे चारला मला अंगणात कडीचा आवाज आला. बघितलं तर आई हंडा घेऊन निघालेली. "आई, नळ हाय की." ती थांबली, हंडा खाली ठेवला आणि म्हणाली, "पायांना कुटं ठावं?" मग पायरीवर बसून राहिली उजाडेपर्यंत. मीही बसलो. अशी पहाट आम्ही दोघांनी बसून कधी पाहिली नव्हती.

आता दर आठवड्याला एका घराची पाळी असते. त्या घरानं झऱ्यापर्यंत लाईन चालून यायचं, जाळी धुवायची, गळती असेल तर बांधायची. वानरं पाईप चावतात, त्यांना आतलं पाणी ऐकू येतं असं नाना म्हणतात; जिथं चावतात तिथं दगड रचले की पुन्हा वाटेला जात नाहीत. होळीनंतर वणव्याची भीती. मार्च २०२४ मध्ये सोंडेच्या अलीकडं ४० मीटर पाईप वितळला. तेव्हापासून माघातच पाईपाच्या दोन्ही बाजूंनी सहा-सहा हात गवत कापून जाळरेषा काढतो. भाजावळीचे दिवसही आता सगळ्यांनी मिळून ठरवतो, एकट्यानं काडी लावायची नाही.

रस्ता अजून नाही. डोलीचा बांबू आमच्या पडवीतच आहे. चौथीनंतर पोरांना अजूनही खाली नातेवाईकांकडं ठेवावं लागतं. पुतणी आता खेडजवळ भरणे गावी मावशीकडं राहून शिकते, सुट्टीत आली की आधी वही मागते. मी पनवेलचं काम सोडून आता खेड-चिपळूणकडं अशीच कामं घेतो. दोन धनगरवाड्यांवर मोजणी झाली आहे. एका ठिकाणी सोंड खरोखरच उंच निघाली, फुगा नव्हता. तिथं दुसरा झरा शोधतोय.

गेल्या मे महिन्यात, २६ तारखेला, बादली भरायला १ मिनिट ५२ सेकंद लागले. पहिल्या वर्षीच्या सगळ्यात बारीक धारेपेक्षा सहा सेकंद जास्त. पुतणीनं ते लिहिलं आणि खाली रेघ मारली. झऱ्याच्या वरच्या अंगाला गुरं चारायची नाहीत असं बैठकीत ठरलंय, नानांनीच मांडलं.

येत्या सोमवारपासून पाळी आमच्या घराची आहे. जाळी धुवायला मी एकटा पुरतो, पण आई म्हणाली ती येणार. लग्न होऊन आली त्या वर्षी गुरं शोधत एकदा उंबराखाली गेली होती, त्यानंतर वर जायला तिला सवडच मिळाली नाही. भाकरी बांधून घेऊ म्हणाली, तिथं बसून खाऊ.